पुस्तकाला घातलेलं मिरचीचं कव्हर

सारंगखेडा,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप सीमाअक्का यांस,

धाकट्या ललितचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे आईचा गुडघा दुखतो, ट्रॅक्टर दुरुस्तीला पडलाय आणि मिरचीवर चुरडा-मुरडा रोग आलाय, एवढं सोडून बरे आहोत. तुझी शुगर कशी आहे? दाजींनी पायी फिरणं चालू ठेवलंय की नुसते बूट घेतले? फोनवर तू दर वेळी एकच विचारतेस, चेतनाला सांगितलंस का, आणि मी दर वेळी आवाज येत नाही म्हणतो. आवाज चांगला येतो गं. पण आईला ऐकू कमी येतं म्हणून आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, आणि तुझा शाळेतला आवाज (मास्तरणीचा घसा, त्याला काय करणार) ओट्यावर बसलेल्या माणसापर्यंत पोचतो. म्हणून हे पत्र.

तू पाठवलेलं पुस्तक मिळालं. मुलं-मुली वयात येतात तेव्हा अंगात काय काय बदलतं ते हसतखेळत सांगणारं चित्रांचं पुस्तक, अशी तुझी चिठ्ठी वरच होती आणि ती मी आधी वाचली हे फार बरं झालं, कारण पार्सल मी चारचौघांत फोडत होतो. लगेच आत गेलो, दार लावलं आणि पानं उलटली. चित्रं झकास आहेत. नाकावर फेटा बांधून बसलेला तो मुरमांचा म्होरक्या, भाषण करताना आवाज फाटलेलं ते पोरगं (आणि त्या आवाजाला भिऊन टेबलाखाली शिरलेली शेळी), आणि पोटातली ती पिशवी, जी दर महिन्याला पदर खोचून घर झाडून काढते! मी एका मुलीचा बाप, तरी काही गोष्टी मला त्या पानांवर पहिल्यांदा धड कळल्या. रुक्मिणी असती तर हे पुस्तक माझ्यापर्यंत आलंच नसतं, तिने भाकरी थापता थापता दोन वाक्यांत उरकलं असतं. ती जाऊन आता तिसरं वर्ष लागलं. चेतनाला बारावं लागलंय. तिने आईचं आजारपण डोळ्यांनी पाहिलंय अक्का, रक्त म्हटलं की पोरीला दवाखानाच आठवतो. एखाद्या दिवशी शाळेत सुरू होईल आणि आपल्यालाही तेच झालं असं समजून ती घाबरून जाईल, ही धास्ती मला सारखी असायची. त्याआधी तिला घरातून कळायला हवं होतं, आणि घरात सांगणारा म्हणजे मी.

पुस्तक तिच्या हातात देऊन शेतात पळून जावं, हा पहिला विचार. पण तिने काही विचारलं तर निदान उत्तर यावं म्हणून आधी स्वतः पाठ करायचं ठरवलं, आणि तोवर ते कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून त्याला खाकी कव्हर घालून वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मिरचीवरील रोग व उपाय'. इथे माझी अक्कल चरायला गेली होती. 'संपूर्ण बीजगणित' लिहिलं असतं तर दहा वर्षं कुणी शिवलं नसतं. पण यंदा आपल्या शिवारात एक वावर असं नाही की जिथे मिरचीचं पान वाकडं झालेलं नाही. माणसं दुकानदाराला विचारून, एकमेकांना विचारून, देवाला विचारून फवारण्या करतायत, आणि अशात मी कोनाड्यात रोग व उपाय ठेवून धार काढायला बसलो. उखाबापू (तेच, ज्यांच्या बोरीची बोरं तू पाडायचीस) सकाळच्या चहाला आले आणि पुस्तक काखोटीला मारून गेले. आपल्याकडे शेजाऱ्याचा फवारणीचा पंप कोणी विचारून नेत नाही, तिथे पुस्तकाचं काय.

परत मागायला जायची माझी हिंमत होईना. न उघडता ठेवलं असेल तर मी मागितल्यावर उघडतील, आणि उघडलं असेल तर मग बोलायचं काय? दोन-तीन दिवसांनी बापूच आले. चहा प्याले, बशी पालथी घातली, आणि म्हणाले, "ललित, बठ्ठं पुस्तक वाचं. मिरचीनं नावच नही शे त्यामा. औषधनं प्रमाण बी नही." अख्खं वाचलं होतं त्यांनी! चुकून कव्हर बदललं असेल, असं काहीतरी मी पुटपुटलो. तर बापू म्हणाले, मग मिरचीचं ज्याच्यात आहे ते दे. म्हणजे त्यांचा राग पुस्तकात काय आहे यावर नव्हता, काय नाही यावर होता. शेवटी मी शहाद्याला जाऊन मिरचीचं खरं पुस्तक विकत आणलं आणि त्यांना दिलं. तेव्हा कळलं की आपलं पुस्तक बापूंच्या तुळशीकाकूंनी शेतात नेलंय.

गेलो शेतात. मिरचीची तोडणी चालू होती, दुपारची सुटी झालेली, बाया लिंबाखाली भाकरी सोडून बसलेल्या आणि मध्यभागी चष्मा लावून तुळशीकाकू मोठ्याने वाचत होत्या. मला बघून कोणी पदरही सावरला नाही, चित्रं बघण्यात सगळ्या गुंग. मी पुस्तक मागितलं तर काकू म्हणाल्या, "थांब जरासा, आमनं आजून अर्धं ऱ्हायेल शे." तेवढ्यात एका बाईने मलाच विचारलं की पोराचा आवाज फाटतो तो असाच राहतो का, तिचा मुलगा बोलायचाच बंद झालाय. आणि अक्का, मी उत्तर दिलं! पाठ होतं ना. काही महिन्यांनी आवाज ठिकाणावर येतो, त्याला हसू नका, म्हटलं. मग दुसरीने विचारलं, मग तिसरीने, आणि प्रश्न जसे अवघड होत गेले तसं मला आठवलं की आपल्या पाण्याची पाळी आलीय, आणि मी निघालो. आता गावात रामराम करताना लोक मला थोडं जास्तच थांबवतात.

पुस्तक मागच्या आठवड्यात परत आलं, पानांना तिखटाचे हात लागलेले (वाचताना डोळे चोळू नयेत). त्याच संध्याकाळी चेतनाला समोर बसवलं. थेट विषयाला हात घालवेना म्हणून रोपापासून सुरुवात केली, आधी पानं येतात, मग फांद्या, मग कळी. मी फवारणीच्या आसपास पोचलो असेन, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, मी ते पुस्तक वाची टाकेल शे. तुळशीआजीनी माले पहिलेच दिधं. तुमले कठीण जाई ऱ्हायनं का?" फार कठीण जात होतं, तसं मी कबूल केलं. मग तिनेच पानं उलटून मला समजावलं, मी दोन ठिकाणी चुकीचं पाठ केलं होतं ते दुरुस्त केलं, आणि अभ्यासाला गेली. मला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. असो. काम झालं. तुझे उपकार आहेत. दाजींना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
ललित

ता. क. उखाबापू विचारतात की पन्नाशीच्या बायांचं असं एखादं पुस्तक निघालंय का. काकूंना भर थंडीत घाम फुटतो आणि मग त्या बापूंवर फुटतात. बापूंनी मला लिंबाखाली नेऊन, आजूबाजूला बघून विचारलंय. चित्रांचंच बघ.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो आणि चार पानं भलतंच लिहिलं. चेतनाला मंगळवारी सुरू झालं, शाळेतच. नेहमीच्या बसने घरी आली, दप्तर ठेवलं आणि काय आणायचं ते मला सांगितलं. मी आणलं. रडली नाही, दवाखान्याचं नाव काढलं नाही. आपल्या आईने 'बाजूला' बसवायचं काढलं होतं, पण पोर रोजच्यासारखी तिच्या कुशीत जाऊन झोपली आणि आईचं बोलणं तिथेच थांबलं. जेवताना मात्र तिने एक विचारलं, "मम्मीले पहिलांदा कोनी सांगेल व्हतं?" हे पुस्तकात नाही, आणि मला माहीत नाही. तू आणि रुक्मिणी शाळेत जोडीने जायचात. तेव्हा ती घाबरली होती का, कोणाला म्हणाली, काय म्हणाली, ते चेतनाला लिही. पाकिटावर तिचंच नाव घाल. आत्याला सगळं माहीत आहे असं मी तिला सांगून बसलोय. नसेल माहीत, तरी लिही.