चष्मेवाल्याला एकतीस मतं

३ जानेवारी, सकाळी ११.२०
दुकान उघडून दीड तास झाला. गिऱ्हाईक एक, तेही पत्ता विचारायला आलेलं. वेळेचा सदुपयोग म्हणून ही रोजनिशी. आजपासून रोज लिहिणार.
कन्येने मला पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपमध्ये घातलं. तिचं म्हणणं, शेजारचे घड्याळवाले दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेल्यापासून बाबा दिवसभराचं साचलेलं बोलणं घरी आणून आईच्या डोक्यावर ओततात. साफ खोटं. मला एकटं वगैरे काही वाटत नाही. घड्याळवाल्यांबरोबर सतरा वर्षं दिवसातून चार चहा होत, ते आता होत नाहीत, एवढंच.
ग्रुपमध्ये चौसष्ट माणसं. ओळख करून दिली: चष्म्याचं दुकान, लहानपणापासून पक्ष्यांचा नाद, नजर तीक्ष्ण. कावळा, चिमणी, कबुतर आणि पोपट मी लांबून ओळखतो. बाकीचे अभ्यासाने येतील. अ‍ॅडमिन म्हणजे एक नर्सबाई आहेत. त्यांनी स्वागत केलं. पाच अंगठे आले. पहिल्याच दिवशी पाच.
संकल्प: रोज पाच पक्षी पाठ.

५ जानेवारी
पक्ष्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. मराठी नावांच्या भानगडीत पडणार नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र. आज प्रस्तावना वाचली. निम्मी.

८ जानेवारी, दुपारी
ग्रुपबाबत एक गंभीर गोष्ट लक्षात आली. रोज वीस-पंचवीस फोटो येतात, सगळे धूसर. नुसते हिरवट-पिवळट डाग. मधोमध खाली तोंड केलेला बाण मात्र न चुकता काढतात, पक्षी कुठे बसलाय ते दाखवायला. अहो, पक्षी नीट टिपला असता तर बाण कशाला लागला असता?
आयुष्य भिंगांत गेलेला माणूस गप्प कसा बसणार. प्रत्येक फोटोखाली लिहिलं: फोकस सुधारा. कोपर टेकवा. श्वास रोखा. लिफ्टदुरुस्ती करणारा एक मेकॅनिक आहे, त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शिकायची तयारी असलेला माणूस दिसतो.

११ जानेवारी, रविवार
ग्रुपची फेरी तळ्यावर, सकाळी सहाला. गजर पाचचा लावला होता. पोचलो पावणेनऊला. मंडळी निघतच होती. नर्सबाईंनी डब्यातली उरलेली दोन बिस्किटं दिली. घरी केलेली, उत्तम. निवृत्त मुख्याध्यापिका मॅडम सगळ्यांच्या वह्यांतलं शुद्धलेखन तपासत होत्या. मी माझी वही खिशातून काढली नाही.
दुकानातली शोकेसमधली दुर्बीण नेली होती. तळ्यापलीकडे एक मोठा, पांढरा, जरासा चौकोनी पक्षी दिसला. घरी आल्यावर तोच आमच्या भिंतीवरही दिसला. ही म्हणाली, की काचेवर स्टिकर आहे. असेल.
पुढच्या रविवारी सहाला म्हणजे सहाला.

१४ जानेवारी, दुपारी १.००
विचित्र प्रकार. मॅडमनी ग्रुपवर लिहिलंय, की आज सकाळी त्यांच्या खिडकीशी चष्मेवाला आला होता. दहा मिनिटं बागडला. फार गोड. रोज यावा असं वाटतं.
चार वेळा वाचलं. ग्रुपमध्ये चष्म्याचं दुकान माझं एकट्याचं. सकाळी मी इथे शटरला तेल घालत होतो. मॅडमचं घर कुठे हेही मला ठाऊक नाही. खाली बारा लोकांनी बदाम टाकलेत.
विचार केला. थट्टा आहे. आणि थट्टा आपल्या माणसाचीच करतात. परक्याची कोण करतं?
उद्यापासून इस्त्रीचा शर्ट.

१५ जानेवारी
हिने खांद्यावरून तो मेसेज वाचला. विचारलं, की खिडक्यांशी जायला कधीपासून लागलात. सगळं समजावून सांगितलं. ही म्हणाली, की माझे गुडघे बघता दहा मिनिटं बागडणं होणारच नाही, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही. नंतर स्वयंपाकघरात मायलेकी बराच वेळ हसत होत्या. कशाला ते सांगितलं नाही.

१९ जानेवारी
काल रविवार. गजर वाजला असणार. थंडीत आवाज नीट पोचत नाही.
आज मेकॅनिकने लिहिलं, की चष्मेवाला त्याच्या बाल्कनीत कुंडीखालच्या बशीत आंघोळ करून गेला. बरोबर आठ-दहा जणांचं टोळकं होतं. थट्टेलाही काही मर्यादा असते. पण रागावलो तर खिलाडू वृत्ती नाही म्हणतील. उत्तर दिलं: पुढच्या वेळी टॉवेलही ठेवा.
एकोणतीस जण हसले. मोजले. घड्याळवाले एकटे होते, पण त्यांचं हसू दुकानभर व्हायचं. हे एकोणतीस जण मात्र आवाज न करता हसतात. तरी एकोणतीस म्हणजे एकोणतीस.
पुस्तक: प्रस्तावना पूर्ण. आता ऋणनिर्देश.

२४ जानेवारी, सकाळी १०.४५
चहा बाजूला ठेवून आधी हे लिहितो. पक्षीगणनेसाठी ग्रुपचे टी-शर्ट छापायचे आहेत. नर्सबाईंनी मतदान लावलंय: यंदा टी-शर्टवर कोण हवं? पाच नावं. तांबट, शिंपी, सुगरण, कोतवाल, चष्मेवाला.
म्हणजे मी. येऊन जेमतेम तीन आठवडे झाले आणि थेट छातीवर.
ग्रुपची ही पद्धत मला आवडली. नावं न घेता माणूस धंद्याने किंवा गुणाने ओळखायचा. प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास केला. सुगरण म्हणजे उघडच नर्सबाई, ती बिस्किटं मी विसरलेलो नाही. कोतवाल म्हणजे मॅडम, शिस्तीमुळे. तांबट म्हणजे मेकॅनिक. कालच कोणीतरी लिहिलं होतं, की तांबट सकाळपासून टुक टुक करतोय, थांबायचं नाव नाही. लिफ्टच्या कामात ठोकाठोक आलीच. शिंपी कोण ते कळलं नाही. चौसष्ट माणसांत एखादा शिंपी निघणारच.
स्वतःला मत देणं बरं दिसत नाही. दिलं.

२७ जानेवारी
एका सभासदाने लिहिलं, की कोतवाल महाभांडखोर, कावळ्यालासुद्धा झाडावरून हुसकून लावतो. एका वयस्कर बाईंबद्दल चारचौघांत ही भाषा? आणि वर ‘लावतो’? मी ताबडतोब बाजू घेतली. लिहिलं, की कोतवाल वरून कडक असला तरी मनाने निर्मळ आहे, आणि शुद्धलेखनाचा आग्रह हा काही गुन्हा नव्हे.
पुन्हा सगळे हसले. मॅडमही. निवडणुकीत विरोधकाची बाजू घेणारा उमेदवार लोकांनी पाहिलेला नसतो.

३० जानेवारी
नर्सबाईंना छपाईसाठी माझा फोटो खाजगीत पाठवला. लग्नसमारंभातला, कोट घातलेला. सोबत विचारलं, की कापडावर बाजूने घेतलेला चेहरा जास्त उठून दिसेल का. उत्तर दोन दिवसांनी येईल. बाईंची ड्यूटी असते.
मेकॅनिकलाही खाजगीत कळवलं: निकाल काहीही लागो, मनात काही ठेवू नका, तांबटाचं स्थान आपल्या मनात दुसऱ्या नंबरचं आहे. त्याने अंगठा पाठवला. दिलदार माणूस.

१ फेब्रुवारी, रविवार
नर्सबाईंचं उत्तर आलं: फोटो छान आहे. म्हणजे पसंत.
फेरीला गेलो नाही. निकालाआधी उमेदवाराने मतदारांत मिसळणं योग्य नाही. साडेआठला उठलो.

७ फेब्रुवारी, दुपारी १२.०५
निकाल. सुगरण चौदा. तांबट नऊ. कोतवाल सहा. शिंपी दोन. चष्मेवाला एकतीस.
एकतीस मतं. माझं एक सोडलं तरी तीस. कोणी लिहिलंय, की चष्मेवाल्यासारखा दुसरा नाही, तो आला की झाड जिवंत होतं. मी त्यांच्यासोबत झाडाखाली उणीपुरी वीस मिनिटं होतो. माणसं किती बारकाईने बघतात.
शटर अर्धं ओढून जरा आत बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. भिंगं पुसायच्या कापडाने पुसलं.
हिला सांगितलं. ही म्हणाली, की एकदा त्या ग्रुपवरचा एखादा फोटो नीट बघा. म्हटलं, धूसर फोटोत काय बघायचं? ही काहीतरी बोलणार होती, पण कन्येने तिला डोळ्यांनी खुणावलं. दोघींना अभिमान वाटतोय, दाखवत नाहीत.
आजपासून भाषणाची तयारी.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०.३०
तळ्यावर पाच वाजून पन्नास मिनिटांनी हजर होतो. सगळ्यांत आधी. झाडाखाली बाकावर टी-शर्टांचं खोकं बंद होतं. नर्सबाई ते उघडणार, तेवढ्यात मी दोन शब्द बोलण्याची परवानगी मागितली.
सात मिनिटं बोललो. या विजयाने हुरळून जाणार नाही असं सांगितलं. कोतवाल हरले असले तरी त्यांच्या शिस्तीची ग्रुपला गरज आहे, असं म्हणून मॅडमकडे पाहिलं. तांबटाला टुक टुक कमी करायला सांगून उपाध्यक्षपद देऊ केलं. सुगरणीच्या बिस्किटांचे आभार मानले. चौथ्या वाक्यापासून लोक हसायला लागले ते थांबेचनात. मेकॅनिक तर खालीच बसला. मॅडमनी चष्मा काढून डोळे टिपले.
मग खोकं उघडलं.
पांढऱ्या कापडावर एक पक्षी. अंगठ्याएवढा, हिरवा-पिवळा, डोळ्याभोवती पांढरं कडं, चष्मा लावल्यासारखं. खाली ठसठशीत अक्षरात: चष्मेवाला.
मीही हसलो. सगळ्यांत जास्त वेळ मीच हसलो. मेकॅनिक पाठीवर थाप मारून म्हणाला, की असला नकला करणारा माणूस ग्रुपला मिळाला नव्हता. त्याला वाटलं मी मुद्दाम केलं. सगळ्यांनाच वाटलं.
नर्सबाईंना नाही वाटलं. माझा कोटातला फोटो त्यांच्याकडे आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मापाचा टी-शर्ट शोधून हातात दिला.
अर्थात, कुठेतरी मला अंदाज होताच. भाषण एका अर्थी विनोदीच होतं.

१५ फेब्रुवारी, दुपारी ४.००
नव्हता अंदाज.

१६ फेब्रुवारी
कन्येने माझा फोन घेतला आणि एका धूसर फोटोवरच्या बाणावर बोट ठेवलं. फोटो स्वच्छ झाला. दुसऱ्यावर ठेवलं, तोही झाला. पक्ष्याच्या डोळ्याभोवतीची पिसं मोजता येतील इतके स्वच्छ. बाण दाबून फोटो उतरवून घ्यायचा असतो म्हणे. फोनमधली जागा भरू नये म्हणून तिनेच तसं करून ठेवलं होतं.
अकराशे फोटो. प्रत्येकाखाली माझा सल्ला: फोकस सुधारा. आणि प्रत्येकाखाली कोणीतरी सभ्यपणे लिहिलेलं: नक्की प्रयत्न करतो.
मॅडमच्या खिडकीतला चष्मेवाला उघडून बघितला. फांदीवरून उलटा लटकून फुलात चोच घालतोय. खरंच गोड आहे. मीही त्यालाच मत दिलं असतं.
ग्रुप सोडायचा. निर्णय पक्का. निरोपाचा मेसेज लिहायला घेतला. तीन पानं झाली. शुद्धलेखन तपासून उद्या पाठवतो.

१८ फेब्रुवारी
पाठवला नाही. न सांगता गप्प राहणं जास्त भारदस्त. ग्रुपवर एक शब्दही लिहिणार नाही. बघू कोणाच्या लक्षात येतं.
दुकानात दिवसभरात माझ्याशी झालेलं बोलणं: ‘वाचता येतंय का?’ हे मी विचारलं. ‘नाही.’

१९ फेब्रुवारी
कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. काल बगळ्यांवर अठ्ठेचाळीस मेसेज झाले.
त्यांची चूक नाही. त्यांना हसवणारा माणूस हवा होता, आणि तो मी नव्हतोच. मी खराखुरा निवडून आलो होतो.

२१ फेब्रुवारी, दुपारी १२.४०
मॅडमचा मेसेज: आठवडा झाला, चष्मेवाला दिसला नाही. काळजी वाटते. खाली चौघांनी लिहिलं, की आम्हालाही नाही दिसला. मेकॅनिकने रडका चेहरा टाकला. फोटो नाही. बाण नाही. काही नाही.
पाऊण तास फोन हातात धरून बसलो. यात कोणता चष्मेवाला आहे? विचारणार कसं? पक्ष्याबद्दल असेल आणि मी उत्तर दिलं, तर दुसऱ्यांदा तीच फजिती. माझ्याबद्दल असेल आणि दिलं नाही, तर म्हातारी बाई उगाच काळजी करत बसायची.
लिहिलं: इथेच आहे. दुकानात. बरा आहे.

२१ फेब्रुवारी, दुपारी १.१५
पक्ष्याबद्दलच होतं.
मॅडमनी सरळ लिहिलंय, की त्या खिडकीतल्याविषयी म्हणत होत्या. पण मी भेटलोच आहे तर विचारतात, त्यांच्या चष्म्याची दांडी पंधरा दिवसांपासून ढिली झाली आहे, रविवारी हसताना तर निघूनच आली. उद्या सहाला येताय ना? येताना तो बारीक स्क्रू घेऊन याल का? नर्सबाईंनी खाली लिहिलं, की त्यांच्याही चष्म्याचं बघायचंय. मेकॅनिकने लिहिलं, की तो पावणेसहाला गाडी घेऊन आमच्या दाराशी थांबेल, हॉर्न वाजवेल, गजराचं तुम्ही राहू द्या.
गजराचं याला कोणी सांगितलं?
दोन मापांचे स्क्रू आणि बारीक पेचकस वेगळे काढून ठेवले. भाषण नाही.