युसुफने बसवलेली कॉइल

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाने, जॅक, सगळी हत्यारं धुऊन मांडली. भोईरकाकांची गाडी तयार उभी. इंजिन मिसिंग करत होतं म्हणून युसुफने सकाळी दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइल बदलली. तो जेवायला गेल्यावर मी गाडीचंही इंजिन पाइपने धुतलं. पूजेला स्वच्छ हवं. ओल्यावरच कुंकू वाहिलं.

४ ऑक्टोबर
काका परत. इंजिन थरथरतंय, चढावर ओढत नाही. "नवी घातली म्हनता, पन हाय तसंच हाय!"
बॉनेट न उघडताच मी युसुफला विचारलं, "जुनी घातलीस का रे?" सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.
त्याने हात पुसले. "शेठ, विचारायचं तर आत विचारायचं."
मला शेठ म्हणाला. आम्ही भागीदार. चप्पल घालून निघून गेला.

५ ऑक्टोबर
कालच करायचं ते आज केलं. दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल. कॉइल खराब असती तर बिघाड तिच्याबरोबर तीनमध्ये गेला असता. दोनमध्येच राहिला. दोनच्या प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारला. तळाशी पाणी. कुंकवाने तांबूस.
कॉइल बॅटरीचे बारा व्होल्ट हजारोंवर नेते, ठिणगी प्लगच्या टोकाला पडावी म्हणून. इथे वीज पाण्यातून परस्पर निसटत होती.
खड्डा वाळवला. प्लग बदलला. युसुफचीच कॉइल परत दोनवर. इंजिन एकसारखं.

६ ऑक्टोबर
काका गाडी न्यायला आले. "त्या युसुफनंच घोळ केलता ना?"
"पाणी गेलं होतं," म्हणालो. कोणी घातलं ते नाही.
"त्याच्यावर पांघरून घालतोस. भला मानूस तू."
क्षणभर बरं वाटलं. हे लिहायलाच हवं.

८ ऑक्टोबर
कामतघरला युसुफच्या घरी. भाभी दारातच. "पडघ्याला गेलेत, काम बघायला. पण तिथे आधीच पोचलंय, जुना माल घालतो म्हणून." आत या म्हणाली नाही.
पडघा म्हणजे काकांचं गाव.

९ ऑक्टोबर
पडघा. हायवेलगतचं गॅरेज. मालक आणि भोईरकाका चहा पीत होते. युसुफ एका बॉनेटखाली. मालक त्याचं काम पारखत असावा.
मोठ्याने म्हणालो, "काका, पाणी मी घातलं. इंजिन मी धुतलं. युसुफची कॉइल नवीच होती, चांगली होती."
"मंग तवाच का न्हाय बोललास?"
मालकाने कप खाली ठेवला, युसुफकडे बघितलं.
युसुफने मान वर केली नाही. "बाजूला हो. उजेड अडतोय."
बाजूला झालो. तिथेच उभा राहिलो.