खाली पिवळी, वर काळी

उदगीर. मंगळवार, एप्रिल.

उदगीर जिल्हा करा, हे निवेदन टाइप करताना कॉम्प्युटर आज पुन्हा आपोआप बंद पडला. टेबलाखालचा त्याचा डबा हाताला गरम लागत होता. निवेदन देणाऱ्या चौकातल्या मंडळींना सकाळी प्रती पाहिजेत. शेवटी झाकण उघडायचं ठरवलं.

आधी प्लग काढला. हे शेजारीच बसले होते. समोरची दाळमिल बंद पडल्यापासून घरीच असतात. मी डब्यातल्या पंख्यावर फुंकणार तेवढ्यात म्हणाले, "फुकू नको, थुकी उडती. पंखा बोटानं धर अन् कोरडा ब्रश फिरव." मिलच्या मोटारी साफ केलेला माणूस, ऐकलं.

धुळीची गादीच निघाली. पण दोन रंगांची कशी? वरची काळी, रानातली, ती तर सध्या रोजच वाऱ्याबरोबर घरात येते. खालची पिवळी कुठली? बोटावर घेऊन वास घेतला. तुरीच्या दाळीचा. म्हणजे मिल चालू होती तेव्हाची. पाऊस गेला, तूर गेली, मिल थांबली, आणि पिवळीवर काळी बसत राहिली. मी रोज याच डब्याला पाय टेकून बसते, आणि मला पत्ता नाही?

कॉम्प्युटर नीट चालला. प्रती निघाल्या. मग डबा बंद असताना झाकायला जुन्या साडीचं कव्हर शिवायला घेतलं. यांचं लक्ष अजून त्या पिवळ्या धुळीकडेच.

"शिव," म्हणाले, "पण पिवळी यायला लागली की काढून टाक."

मी कच्चेच टाके घातले.