तो मोतीबिंदू नव्हता, आई

आई, तुला झाला होता तो मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे सांगून काय उपयोग? पण मला हे गेल्या महिन्यात कळलं आणि तेव्हापासून तुझ्याशी कडकडून भांडावंसं वाटतंय. कारण तोच आता माझ्या दोन्ही डोळ्यांत आहे.

इथे जुरोंग ईस्टला एका मैत्रिणीच्या कॉन्डोत गणपती असतो. यंदा आरती झाल्यावर कुणीतरी डावीकडून निरांजनाचं ताट माझ्यापुढे धरलं. मला ते दिसलंच नाही. मी वळले आणि हाताच्या धक्क्याने ताट खाली. तूप, वात, फुलं, सगळं त्या चकाचक फरशीवर. मैत्रीण म्हणाली, ‘असू दे गं, दगदग होते तुझी.’ माझी लेक मात्र घरी येईपर्यंत हसत होती. ‘आई, यू सो ब्लर लाह!’ वेंधळ्या माणसाला इथली मुलं ब्लर म्हणतात. बाबा तुला वेंधळी म्हणायचे, तसंच. चहा कपाच्या बाहेर, अंगठा उंबऱ्यावर ठेचलेला, शेजारी ठेवलेली आमटीची वाटी लवंडलेली. ‘अगं, बघून चाल की जरा!’ बाबा ओरडायचे आणि तू ओशाळं हसत फडकं शोधायचीस. ते फडकंही तुझ्या पायाशीच पडलेलं असायचं.

मला वाटलं, वय झालं, जवळचा चष्मा लागला असेल. पाया लेबारच्या मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने डोळ्यांचं प्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, चष्म्याचं राहू दे, आधी हॉस्पिटलला जा. तिथे एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आजूबाजूला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ काही चमकेचना. मला दरदरून घाम फुटला. अगं, मी जन्मात कधी नापास झाले नाही! मग काय, अंदाजपंचे बटण दाबत सुटले. उत्तर येत नसलं तरी जागा कोरी सोडायची नाही, हे तूच शिकवलंस ना? यंत्राच्या ते लगेच लक्षात आलं. तपासणारी चिनी बाई थकल्या आवाजात म्हणाली, ‘मॅडम, नो लाइट, डोन्ट प्रेस लाह. धिस वन नॉट एक्झाम.’ तिने मला पुन्हा पहिल्यापासून बसवलं. या खेपेला मी लबाडी केली नाही. बोट बटणावर ठेवून नुसती बसून राहिले, आणि तेवढ्यात मला काय ते समजलं.

डॉक्टर भला माणूस आहे, पण गोड बोलत नाही. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाला. थेंब घालून प्रेशर खाली ठेवायचं आणि उरलीय ती सांभाळायची. घरात कुणाला काचबिंदू होता का, असं त्याने विचारलं. मी ठणकावून सांगितलं, छे, आईला फक्त मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं? नाही, पिकायची वाट बघत होतो. कुणी डोळे तपासले होते? कुणीच नाही गं! शेजारच्या काकूंनी सांगितलं आणि आपण मानलं. पिकू दे, पिकला की काढू. काकू म्हणायच्या, मावशी म्हणायची, तू स्वतः म्हणायचीस, घरात जणू आंब्यांची अढी लावली होती. डॉक्टर म्हणाला, मग तो काचबिंदूच असणार. आणि तो मेला आतल्या आत सगळं खात होता. का नाही गं एकदा हट्ट धरलास? तुला दुखत नव्हतं म्हणून? तुझं नीट निदान झालं असतं तर माझे डोळे चाळिशीच्या आधीच कुणीतरी तपासले असते. राग येतो मला तुझा. मग आठवतं, तू ओट्याशी उभी आहेस, तव्यावरच्या पोळीवर कान लावल्यासारखी मान कलती करून, आणि मला तुला काही बोलवत नाही.

आता रोज थेंब घालते. डोळे चुरचुरतात, लाल होतात. आंग मो किओला ऑफिसात विचारतात, झोप झाली नाही का? मी हो म्हणते. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सरकत्या जिन्याची पहिली पायरी दिसत नाही, पायाने चाचपते, मागे माणसं खोळंबतात. परवा हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, गरम सूपचा ट्रे घेऊन वळले ती एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या अंगावरच. नशीब, भाजलं नाही त्यांना. पण मी सगळ्यांदेखत तिथेच रडत बसले. लेकीचं ब्लर म्हणणं बंद झालंय. ती आता गुपचूप माझा दंड धरून चालते, आणि ते त्या हसण्यापेक्षा वाईट वाटतं. नीट औषध घेतलं तर बहुतेकांची नजर टिकते म्हणे. बहुतेकांची! मी त्या बहुतेकांत आहे की नाही, हे कोण सांगणार? सकाळी उठल्या उठल्या एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे बघते. काल होते तेवढे आज आहेत ना? रोज वाटतं, आहेत. रोज वाटतं, नाहीत.

मला तुला एकच विचारायचंय. शेवटी शेवटी तुला काय दिसत होतं? काळोख असतो का? की काळोखसुद्धा नसतो? आम्ही तुला हाताला धरून न्हाणीत नेलं, ताटात कुठे काय वाढलंय ते सांगितलं, पण हे कुणी विचारलं नाही. तू असतीस तरी हे तुला वाचता आलं नसतं, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि परक्याच्या तोंडून हे तुझ्या कानावर घालायचं धाडस मला झालं नसतं. म्हणजे तेव्हाही हे पाठवलं नसतंच. खरं सांगू? तुझी आठवण आली म्हणून मी लिहायला बसले नाही. मला भीती वाटते गं, आई, आणि तिथवर गेलेलं माझं माणूस तू एकटीच आहेस.