पाववाल्याच्या मोटारसायकलचं तेल

प्रिय ताई,

एक लिटर तेल मला कितीला पडलं ते आधी सांगतो. डबा उरलेला होता, म्हणजे फुकटच. वर क्लचच्या नव्या प्लेटा, अर्धा दिवस, पाववाल्याचे थंडगार झालेले दोनशे पाव आणि तुझ्या लेकीसमोर खाली घातलेली मान. शेवटची बाब सगळ्यांत महाग.

झालं असं. पाववाला गॅरेजात मोटारसायकलचं तेल बदलायला आला. तुला माहीत आहे, इथले लोक गाडी देतात ती माझ्याच हातात. अठ्ठावीस वर्षं मी हे ऐकतोय आणि ऐकवतोय. म्हणून ऐटीत कारचं उंची तेल ओतायला घेतलं. माझ्या हाताखाली काम शिकणारी तुझी लेक म्हणाली, मामा, हे कारचं आहे. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, याने घसरेल. मी गिऱ्हाइकासमोर हसलो. म्हटलं, अगं, डब्यावर काय लिहिलंय ते इंजिनाला वाचता येतं का? पाववालाही हसला. ती हात पुसत आत गेली.

चौथ्या दिवशी पाववाला गाडी ढकलत दारात हजर. चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. मी आपलं म्हटलं, ओझं जास्त झालं असेल. तो म्हणाला, पाव आहेत हो, शिसं नाही! तुझ्या लेकीने क्लच उघडला, जळक्या प्लेटा काढल्या, नव्या आधी योग्य तेलात भिजत ठेवल्या, मगच बसवल्या. ‘सांगितलं होतं ना’ हे तीन शब्द तिने आजतागायत उच्चारलेले नाहीत. मी असतो तर वर्षभर ऐकवलं असतं. हा गुण तिने कुठून उचलला कळत नाही. माझ्याकडून नाही, आणि रागावू नकोस, तुझ्याकडूनही नाही.

त्या दिवसापासून मी कान उघडे ठेवून तिच्या मागे उभा राहू लागलो. आमचे निवृत्त मास्तर त्यांची तीस वर्षांची जुनी कार घेऊन आले आणि म्हणाले, सगळ्यांत महागडं, नवीन निघालंय ते पातळ तेल घाल. मी डबा काढलाही असता. ती म्हणाली, मास्तर, माझ्या धाकट्या भावाचा सदरा तुम्हाला होईल का? चांगला आहे, नवा आहे. मग तिने गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला आणि त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. सकाळी पुठ्ठ्यावर तेलाचे डाग मोजले, गाडी दोन तेलबदलांमध्ये किती तेल पिते ते विचारलं, कप्प्यातली जुनी पुस्तिका काढून कंपनीने सांगितलेला जाडपणा पाहिला. तेच जरा जाड, साधं, स्वस्त तेल घातलं. ताई, इंजिन सुरू झालं आणि वरची टकटक हळूहळू विरत गेली. इतकी वर्षं मी ती टकटक ऐकून ‘वय झालं गाडीचं’ म्हणत होतो. रोग कानाने ओळखणं मला येतं. पण विचारायचं कसं, ते तिला येतं.

आता खरं बोलतो. महिनाअखेर तिला घरी बोलावल्याचं तुझं पत्र तिने मला दाखवलं. ऑफिसातली खुर्ची, पंखा, स्वच्छ हात, मला सगळं कळतं. मीच तर तुला म्हणालो होतो, पंधरा दिवसांत कंटाळून परत येईल. ती तुझा शब्द मोडणार नाही, बॅगही भरायला घेतली आहे. म्हणून मी मध्ये पडतोय. तिला एकदा विचार, तुला काय हवंय. राहिली, तर पाटीवर तिचं नाव माझ्या नावाशेजारी, त्याच मापाच्या अक्षरांत. मामा लाडाने बोलतोय असं समजू नकोस. परवा मास्तर आले तेव्हा ती बाजारात गेली होती. मी पाना घेऊन पुढे झालो. ते म्हणाले, असू दे, उद्या येतो.

तुझाच,
धाकटा