तुझ्यावर गेलेले दात

माय, डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्या आईचेही दात असेच किडायचे का. कोणत्या आईचं सांगू? जिनं जन्म दिला ती मी रांगायच्या आत गेली. तिचा फोटो आहे, पण त्यात ती तोंड मिटून बसलेली. तुझे दात मात्र मला पाठ आहेत. पुढचे मिशरीनं काळे पडलेले, डावीकडची दाढ पोकळ, तिच्यात लवंग दाबून तू भाकरी थापायचीस. मी सांगून टाकलं, आईचे असेच होते, पण ती सावत्र. तिचे माझ्यात कुठून येतील?

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला हा दवाखाना आहे. डॉक्टरीण माझ्या धाकट्या लेकीएवढी, बोलायला गोड. म्हणाली, तोंडातले काही जंतू रक्तानं ठरतात, पण दात किडवणारे बरेचसे घरातून येतात. लहानपणी कुणी भरवलं, गोड किती खाल्लं, त्यावर असतं ते. मंग तिनं विचारलं, "त्या तुम्हाला चावून भरवायच्या का?"

माय, त्या खुर्चीत पाय पसरलेले, तोंडावर दिवा, आणि मी रडायलाच लागले. बिचारीला वाटलं, दुखलं.

चावून भरवायचीस ना तू! चांगली घोडी झाले तरी मला तसंच लागायचं. चूल पेटलेली आहे, मी तुझ्या मांडीवर आहे, भाकरीचा पापुद्रा तू दाढेखाली मऊ करतेस, त्यात गूळ घोळवतेस आणि बोटानं माझ्या तोंडात सारतेस. एकदा हापशावर शेजारीण म्हणाली, सवतीच्या पोरीचे एवढे लाड कशाला. तू कळशी खाली ठेवलीस.

"माझं उष्टं खाऊन वाढली ती. मंग माझी न्हाई तर कुणाची?"

त्या बाईशी तू पुढं कैक दिवस बोलली न्हाईस. मी तुझा पदर धरून उभी होते, पण माझं समाधान झालं न्हवतं. जांबेच्या जत्रेत आजोळची माणसं भेटली की सुरू व्हायची: रंग आईचा, उंची आईची, चालसुद्धा आईची. तुझं काहीच कसं न्हाई माझ्यात, म्हणून मी आरशासमोर किती वेळ उभी राहायचे. तुला विचारायची हिंमत झाली न्हाई. तू काय सांगशील याचं भ्या वाटायचं. आणि ते माझ्या तोंडातच बसलेलं होतं गं! किडकं का होईना, तुझं होतं.

डॉक्टरिणीनं बजावलंय, नातवाला उष्टा चमचा द्यायचा न्हाई, गूळ चाटवायचा न्हाई. बराबर आहे तिचं, मी पाळणार. त्याचे दात चांगले राहू देत. मंग तिनं माझी दाढ उपटली, ताटलीत दाखवली आणि टाकून दिली.

तुला अक्षरओळख न्हवती, तरी मी तुला लिहून राह्यले. हे कुठं पाठवायचं तेही ठाऊक न्हाई. सून येता-जाता विचारती, आराम पडला का, आणि मी हो म्हणते. खरं सांगू? ठणका गेलाय, आणि मला करमत न्हाई.