एकेचाळिसाव्या पेटीतला तुकडा

१२ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तू गुडघ्याला तेल लावत नाहीस आणि विचारलं की गुरकावतोस, असं आईने कळवलंय. म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समजते.

माझं इथलं काम सुरू झालं. खडकांचं कोठार म्हणजे एक लांबलचक गार खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांत लाकडी पेट्या. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राचा तळ भोसकून तुम्ही जहाजावर काढलेले दगडी दांडे त्यांत ओळीने पहुडलेत. प्रत्येकावर तुझ्या हातच्या दोन रेघा, उजवीकडे तांबडी आणि डावीकडे काळी, म्हणजे वरचं टोक कुठलं ते कळावं. इतक्या सरळ रेघा मारणारा माणूस पुन्हा मिळाला नाही, असं कोठारपालबाई म्हणाल्या. मी लगेच नातं सांगून भाव खाल्ला.

मला दिलंय ते काम मामीच्याच भेगेचं, तिने प्रबंधात अभ्यासलेल्या. त्या समुद्राखाली जमिनीचे दोन मोठे भाग एकमेकांना घासत कोट्यवधी वर्षं आडवे सरकले. मामी म्हणायची की पलीकडचा भाग उजवीकडे गेला, म्हणून भेग वळते तिथे जमीन ताणली, खचली आणि त्या खळग्यात गाळ साचत गेला. बाकीच्या अभ्यासकांनी एकेचाळिसाव्या पेटीकडे बोट दाखवलं. तिच्यातल्या दगडावरचे ओरखडे सांगतात की तो भाग डावीकडे गेला. मग त्या वळणावर जमीन चेपून वर यायला हवी होती. मामीचा प्रबंध तिथेच अडला, एवढंच आम्हाला माहीत. तू त्यावर कधी बोललाच नाहीस.

ती पेटी भरली तो दिवस आठवतो का? सहज विचारतेय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू ‘सहज’ लिहिलंस तेव्हाच ओळखलं की काहीतरी आहे. लहानपणी लोणच्याची बरणी फोडून तू असंच सहज विचारलं होतंस, बरण्या किती वर्षं टिकतात म्हणून.

दिवस चांगला आठवतो. जहाज सारखं कलत होतं आणि बोटं बधिर झाली होती. दगड वर आणणारं नळकांडं मध्येच तुंबलं. दुसऱ्या टोकाने दट्ट्या घालून मी हाणलं, तेव्हा अडकलेला तुकडा सुटला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक तुकडा गहाळ झाला नाही, हे तुझ्या कोठारपालबाईंना सांग.

मामीला जाऊन दोन वर्षं झाली. प्रबंध परत आल्यावर तिने सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि झकास शिकवला. तिचं टेबल मी अजून आवरलेलं नाही. नकाशांवर धूळ बसते ती तेवढी पुसतो.

काय सापडलंय ते आडपडदा न ठेवता लिही. म्हातारा झालोय, पण ऐकून घेता येतं.

तुझा,
मामा


१४ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली.

गाळ बसतो तेव्हा प्रत्येक थरात जाड वाळू खाली आणि बारीक माती वर राहते, हे तुला मी काय सांगायचं. एकेचाळिसाव्या पेटीत सगळं तसंच आहे. फक्त ओरखड्यांचा तो वीतभर तुकडा सोडून. त्यात जाड वर आहे आणि बारीक खाली. मुद्दाम शोधल्याशिवाय नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. क्ष-किरणांनी चित्र काढलं तेव्हा दिसलं, मग मी आणखी दोनदा काढायला लावलं.

मामा, तो तुकडा पेटीत उलटा गेलाय. दुसऱ्या टोकाने बाहेर आला आणि नेहमीसारखा ठेवला गेला. रेघा त्यानंतर मारल्या, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तुकडा उलटा झाला की सरकण्याची दिशाही उलटी वाचली जाते. मामीचं बरोबर होतं.

आई म्हणते की या वयात त्याला कशाला दुखवतेस, शोधनिबंधात ‘हाताळणीतला दोष’ असं मोघम लिहून मोकळी हो. पण मामीला न्याय द्यायचा तर दोष कसा घडला ते सांगावं लागेल, आणि पेटीवर सही तुझी आहे. तू म्हणशील तसं करीन. रागाव, पण गप्प बसू नकोस.

तुझी,
भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चार दिवस तुझं पत्र घडी घालून खिशात ठेवलं होतं. तुझी आई बोलली ते मायेपोटी, पण तिचं ऐकू नकोस.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. प्रबंध परत आला त्या आठवड्यात मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. एकेचाळिसाव्या पेटीतला तुकडा उलटा तर गेला नसेल, तू एकदा जाऊन बघतोस का, असं तिने विचारलं. तेव्हा आम्ही त्याच गावात राहायचो, कोठार सायकलने पंधरा मिनिटांवर होतं. मी भडकलो. माझ्या हाताखालून उलटा तुकडा जाणार नाही, म्हणालो. तुझं चुकलं तर चुकलं, त्याचं खापर माझ्या कामावर फोडू नकोस, असंही म्हणालो. ती ‘बरं’ म्हणाली आणि पोळ्या करायला वळली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. पुढच्या सत्रापासून शाळेत जायला लागली.

जहाजावर झाली ती गफलत, कुणाच्याही हातून झाली असती. पण त्या दिवशी घरात मी जे केलं त्याला काय म्हणू? सव्वीस वर्षं ती माझ्यासमोर बसून वह्या तपासत होती, आणि मी मजेत चहा पीत होतो. मला फार लाज वाटते, भिंगरी.

मोघम लिहू नकोस. तुकडा उलटा ठेवला तो तिच्या नवऱ्याने, आणि प्रबंध परत आला तेव्हाच तिला शंका आली होती, असं स्वच्छ लिही. साक्षीला मी आहे. तिचं नाव आधी घाल, तुझं मागून.

कोठारपालबाईंना सांग, तो तुकडा आहे तसाच राहू दे. गुरुवारच्या गाडीने मी येतोय. उरलेलं भेटीत बोलू. जाऊन बघ म्हणाली होती ना ती, ते बघायला येतोय.

तुझा,
मामा